हनुवटी छातीला

डॉक्टरबाईंनी त्याच्या हनुवटीवर आपलं बोट आडवं ठेवलं, तोंड जरा सैल सोडायला सांगितलं आणि बोटावर रबरी हातोडी हलकेच मारली. जबडा चटकन वर उडाला. दातावर दात आपटल्याचा आवाज पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेला, आणि तेवढं निमित्त पुरे झाल्यासारखा तो स्वतःच हसत सुटला. तोंड वाकडं, डोळ्यांतून पाणी, आणि हसू असं की ज्याचं त्याला आवरता येत नाही.

"बघितलंत आजी?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा सगळा वरचा, मेंदूकडचा बिघाड. आधीचे दोन झटके होतेच. सकाळी तिसरा आला, त्यात तोल गेला आणि पडले. हातपाय त्यानेच गेलेत."

उशाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने मान हलवली. पण सकाळी साडेसहापर्यंत हात गेलेले नव्हते. ही गोष्ट त्या वॉर्डात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातला एक हसत होता.

वय झालेल्या माणसांच्या त्या वॉर्डात बारा खाटा होत्या. खिडकीजवळची सातवी खाट त्याची. आठ महिन्यांपूर्वीही ह्याच रांगेत, दोन खाटा अलीकडे, तो महिनाभर होता. दोन छोटे झटके, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या, पंधरा दिवसांच्या अंतराने आलेले. हातपाय सुटले होते बऱ्यापैकी, काठी धरून चालत होता. गेलं होतं ते तोंड. जीभ आखडून आत बसली, ओठांबाहेर काढ म्हटलं तर निघेना. बोलणं गरम घास तोंडात धरून बोलावं तसं. पाणी प्यायला गेलं की ठसका, आणि बसल्या जागी हसू नाही तर रडू. कुणी दार जोरात लावलं की रडू, कुणी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला की हसू. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा तिला समोर बसवून नीट समजावलं होतं. बाई, हे मनातलं हसू नव्हे आणि मनातलं रडू नव्हे. वरच्या ऑफिसातून खालच्या ऑफिसावर जो धाक असतो तो सुटला आहे, म्हणून खालचं ऑफिस स्वतःच्या मर्जीने घंटा वाजवतं. तुम्ही घंटेला उत्तर देऊ नका. ती थांबली की मग त्यांच्याशी बोला.

हे तिला पटकन कळलं होतं, कारण तिची एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानावर हेडफोन, समोर दोऱ्यांचा बोर्ड, आणि दिवसभर लोकांच्या हाका. गल्लीत अजूनही तिला ऑपरेटरबाई म्हणत. आणि तो लाइनमन. लग्नाआधी तीन वर्षं तिने त्याचा चेहरा पाहिला नव्हता, नुसता आवाज ऐकला होता. तारांच्या खांबावर चढून, तारेला आपला फोन लावून तो एक्स्चेंजला हाक मारी, "बाई, येतोय का आवाज?" वारा असे, कावळे असत, तार खरखरत असे, तरी त्या आवाजातून त्याला सर्दी झाली आहे की तो जेवला नाही हे तिला कळे. बाकीच्या मुली म्हणत, हिचं लग्न खांबाशी लागणार. चौतीस वर्षं तो पठ्ठ्या खांबांवर चढला, एकदाही पडला नाही. पडला तो घरात, न्हाणीघराच्या एका पायरीवर.

आता त्याचं ते बोबडं बोलणं जगात कुणाला अक्षर अन् अक्षर कळत असेल तर ते तिला. मुलाला अर्धं कळे. नणंदेला काहीच कळत नसे, पण त्या उत्तर मात्र सगळ्याला देत.

नणंद अकराच्या सुमाराला आल्या. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, काठीशिवाय चालणाऱ्या, आणि तोंडाच्या तिखट. हातात डबा होता, त्यात दुधात कुस्करलेली बिस्किटं. भावाला त्या अजून धाकट्या म्हणत. आल्या आल्या त्यांनी त्याच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं, गालावरून हात फिरवला. तो रडायला लागला. मग त्यांनी भावजयीकडे तोंड वळवलं.

"काय दिलंस सकाळपासून?"

"चहा दिला होता वन्सं. थोडा."

"थोडा म्हणजे?"

"चार चमचे."

"चार चमच्यांवर अकरापर्यंत ठेवलास माझा भाऊ," वन्सं म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

चार चमचे हे शब्द तोंडातून गेले आणि चौथ्या चमच्यापर्यंत काय काय झालं होतं ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहिलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी तो पडला होता. वेळ तिला नक्की माहीत होती. हाक जोडली की घड्याळ बघायचं, ही एक्स्चेंजची सवय हाडात मुरलेली. ती धावली तेव्हा तो पालथा होता, कपाळ पायरीच्या कडेवर, मान मागे मुरगळल्यासारखी. पण बोलत होता. पाय हलवत होता. तिने हात पुढे केला तर त्याने मनगट गच्च धरलं. शेजारचा शिंपी आणि त्याची बायको आली, तिघांनी मिळून त्याला उचलून खुर्चीत बसवलं. शिंपी गाडी बघायला गेला, बायको ऑपरेटरबाईंच्या परगावच्या मुलाला फोन करायला गेली. घरात दोघंच उरली. तो थरथरत होता. माणूस एवढा दचकलाय, पोटात काहीतरी गरम जाऊ दे, असं तिला वाटलं. वाटणारच.

चहा घट्ट करून चमच्याने पाजायचा हे ती आठ महिने करत होती. त्यासाठी ह्याच इस्पितळाने तिला पुठ्ठ्याचं एक कार्ड दिलं होतं आणि गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी आठ दिवस रोज तिच्याकडून ते घोटून घेतलं होतं. रुग्णाला ताठ बसवा. चमचा अर्धाच भरा. हनुवटी छातीला लावा, म्हणजे घास श्वासाच्या वाटेला जाणार नाही. मग गिळायला सांगा. त्या कार्डाच्या बाहेर ती एक बोटभरही गेली नव्हती. आठ महिन्यांत त्याला एकदाही छातीत कफ झाला नाही, याचं श्रेय मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत तिला दिलं होतं. सकाळीही तिने तेच केलं. डावा हात डोक्यामागे, हनुवटी छातीला. पहिला चमचा गेला. दुसऱ्या चमच्याला पुन्हा डोकं वाकवलं तसा तो म्हणाला, "शॉक बसला."

स्पष्ट म्हणाला. तिला स्पष्ट कळलं. आणि लगेच तो हसायला लागला. आयुष्य तारांत घालवलेला माणूस, चहाला शॉक म्हणतोय, म्हणून तीही हसली. एवढा पडला तरी थट्टा सुचते म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं. तिसऱ्या चमच्याला तो म्हणाला, "पाठीतून खाली." आणि परत हसू. तिने हसू थांबायची वाट पाहिली, शिकवल्याप्रमाणे, आणि चौथा चमचा दिला. हनुवटी छातीला. त्या चमच्याबरोबर तिच्या मनगटावरची त्याची बोटं सुटली. बोटं उघडली नाहीत, नुसती गळून पडली.

झोप आली असेल, दमले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. गाडीत सांगितलं, इस्पितळाच्या दारात सांगितलं. मग डॉक्टरबाई म्हणाल्या तिसरा झटका, आणि तिने तो शब्द दोन्ही हातांनी धरला. झटका कुणालाही येतो. झटका यायला बायकोचा हात लागत नाही.

साडेअकराला सिस्टर लघवीची नळी घालून गेल्या. सकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती, ओटीपोट टम्म झालं होतं. पडदा ओढून त्यांनी काम केलं. ती पडद्याआडच त्याच्या उशाशी उभी होती. गेल्या वेळी ह्याच नळीला त्याने अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता, रडून रडून. आज नळी गेली, पिशवी भरली, आणि तो वर छताकडे बघत राहिला. शांत.

"आज शहाण्यासारखे वागले हो," सिस्टर कौतुकाने म्हणाल्या.

ती शांतता तिला मुळीच आवडली नाही.

बाराला वॉर्डच्या मावशी आल्या. दोन उशा बगलेत, पदर कमरेला, कामाला वाघ. खाटेच्या पायथ्याशी दांडा होता, तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर येत असे. कार्ड खाटेच्या कडीला लटकत होतं, जुनंच, मागच्या वेळच्या कागदांबरोबर आलेलं. मावशींनी ते वाचून दाखवलं जणू काही हुकूमनामाच आहे. ताठ बसवा. हनुवटी छातीला.

"नको," ती म्हणाली. "आत्ता भूक नसेल त्यांना."

वन्संनी डब्याचं झाकण उघडलं. "तू काय त्याच्या पोटात जाऊन आलीस? तुझ्या एक्स्चेंजात लोकांना उभं करून ठेवायचीस ती सवय इथे नको. नंबर लागला की द्यायचं."

"थोडं थांबू या वन्सं."

"कशाला?"

मावशींनी दांडा फिरवायला घेतला. खाट करकरत वर येऊ लागली. त्याचं डोकं उशीवरून थोडं पुढे आलं.

"अगं," तो म्हणाला. "थांब जरा. दम." मग श्वास. मग, "पुरत नाही."

शब्द कालच्याइतकेच बोबडे होते. जीभ कालच्याइतकीच आखडलेली. काल रात्री जेवताना त्याने तिला मिठावरून जे ऐकवलं ते जितकं कळलं तितकंच हेही कळलं. तिसरा झटका वर मेंदूत येऊन गेला म्हणतात, तर तोंडात काहीच बदललं कसं नाही? बदललं होतं ते दुसरंच. काल एका दमात सहा-सात शब्द निघत होते. आज तीनच. बोलणारा तोच होता, मागचा भाता गळला होता. तिने त्याच्या सदऱ्याकडे बघितलं. छाती हलतच नव्हती. श्वासागणिक नुसतं पोट वरखाली होत होतं, झोपलेल्या तान्ह्या बाळासारखं.

"मावशी, एक मिनिट," ती म्हणाली. "तोंड पुसते त्यांचं. मग."

मावशींनी दांडा सोडला. खाट अर्ध्यावर राहिली.

तार कुठे तुटली हे शोधायची त्यांची पद्धत साधी होती. लाइनमन एका खांबावरून हाक मारी. एक्स्चेंजला आवाज आला की पुढच्या खांबावर जाई. नाही आला की मागे येई. जिथून शेवटचा आवाज आला तो खांब आणि जिथून आला नाही तो खांब, बिघाड या दोहोंच्या मधे. ह्यात हुशारी लागत नाही, धीर लागतो, असं तो नव्या पोरांना सांगत असे.

तिने रुमाल थंड पाण्यात बुडवून पिळला आणि त्याच्या गालाला लावला. तो हसला. ती थांबली. हसू ओसरल्यावर रुमाल मानेला लावला. हसला. पुन्हा थांबली. वन्सं काहीतरी पुटपुटल्या, तिने लक्ष दिलं नाही. खांद्याच्या वरच्या अंगाला लावला, गळ्याच्या हाडाशी. ओठांचा कोपरा हलला, थोडं हसू आलं. मग सदऱ्याचं बटण काढून तिने रुमाल चार बोटं खाली, छातीवर ठेवला.

काही नाही.

परत वर, हाडाशी. हसू. परत खाली. काही नाही. हातावर. काही नाही. ती खाटेला वळसा घालून पायांकडे गेली आणि चादर सारून रुमाल तळपायाला लावला. आठ महिने सकाळी पायावर गार पाणी पडलं की तो असा हसायचा की शिंप्याची बायको भिंतीपलीकडून विचारायची, आज काय विनोद झाला. तिने रुमाल दाबून धरला. तो छताकडे बघत होता. रुमालातलं पाणी टाचेवरून चादरीवर ओघळलं.

डोकं चालू होतं. तोंड चालू होतं. गळ्याच्या हाडापर्यंत हाक पोचत होती. त्याच्याखाली सगळी लाइन बंद. बिघाड मानेत होता, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सकाळी ती मान तिच्याच डाव्या हाताने वाकली होती.

"झालं का पुसून?" मावशींनी विचारलं आणि दांड्याला हात घातला. वन्संनी चमचा भरला. अर्धाच भरला, कार्डावर होतं तसा. मग दुसरा हात भावाच्या डोक्यामागे नेला.

तिने तो हात धरला. नणंदेचा हात धरायची वेळ पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्यावर आली नव्हती.

"वन्सं, हात काढा. मान वाकवायची नाही."

"कार्डावर लिहिलंय."

"माहीत आहे. मावशी, खाट हळू खाली घ्या, अगदी सपाट करा. आणि डॉक्टरबाईंना बोलवा. धावत जा."

तिच्या आवाजात असं काही होतं की मावशींनी मुकाट्याने दांडा उलटा फिरवला. वन्संच्या चमच्यातलं दूध चादरीवर सांडलं. डॉक्टरबाई तोंड पुसत आल्या, जेवायला बसल्या असाव्यात.

सांगायचं तर आता, नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. नुसतं मान दुखतेय म्हणून भागलं असतं का? भागलंही असतं. पण दुखतेय म्हटलं तर मलम लावतील, आणि संध्याकाळी कुणीतरी पुन्हा दांडा फिरवेल. पडल्यावर काय चालत होतं आणि कधी बंद पडलं, हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं. तिने दोन्ही हात खाटेच्या कडेवर ठेवले आणि एक्स्चेंजमध्ये बिघाडाची नोंद सांगायची त्या आवाजात सांगितलं.

"सहा दहाला हे पडले. कपाळावर. मान मागे गेली. त्यानंतर हात चालत होते, पाय चालत होते. माझं मनगट धरलं होतं. साडेसहाला मी चहा पाजला. दुसऱ्या चमच्याला म्हणाले, शॉक बसला. तिसऱ्याला म्हणाले, पाठीतून खाली. चौथ्याला हात सुटला. तेव्हापासून हलले नाहीत."

डॉक्टरबाईंनी त्याच्या मानेकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "चहा पाजताना मान कशी होती?"

"हनुवटी छातीला. दर चमच्याला."

"हे सकाळी का नाही सांगितलंत आजी?"

"जीभ रेटली नाही."

डॉक्टरबाईंनी खिशातून टाचणी काढली आणि तिने रुमालाने केलं होतं तेच टाचणीने केलं, वरून खाली. गळ्याच्या हाडाखाली त्या थांबल्या. कोपराच्या वर हातोडी मारली, मनगटाजवळ मारली. मनगटाजवळ मारल्यावर हात वळायच्या ऐवजी नुसती बोटं आत मिटली, म्हणजे बिघाड मानेत, आणि ते पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे मी सकाळीच बघायला हवं होतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "जबडा बघितला आणि सगळं त्याच्यावरच ढकललं." मग त्या वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. सिस्टर, वाळूच्या पिशव्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना. कुणीही त्यांना बसवायचं नाही, वळवायचं नाही. तोंडाने काही नाही. मोठ्या डॉक्टरांना फोन. मानेचा एक्स-रे, मशीन इथे आणा, ते तिकडे जाणार नाहीत.

सगळीकडे धावपळ सुरू झाली तशा वन्सं डबा हातात घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या हाताने झालं."

"हो वन्सं."

एवढ्या पटकन होकार येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी डब्यात बघितलं, सांडलेल्या दुधाकडे बघितलं, भावाच्या डोक्यामागे नेलेल्या आपल्या हाताकडे बघितलं. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

मोठे डॉक्टर पाऊण तासात आले. आठ महिन्यांत त्यांचे केस आणखी पांढरे झाले होते. एक्स-रेची ओली प्लेट त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. तिला त्यात नुसत्या राखाडी विटा दिसल्या, एकावर एक रचलेल्या, आणि मधली एक वीट पुढे आलेली.

"पाचवा मणका," ते म्हणाले. "सहाव्यावरून पुढे सरकलाय. एवढा." आणि आपल्या करंगळीचं नख दाखवलं. "आतली मज्जारज्जूची दोरी चेपली आहे. कवटीला पकड लावून वजन टांगावं लागेल, मणका मागे ओढायला. आजच."

"पडल्यामुळे सरकला की चहामुळे?" तिने विचारलं.

त्यांनी प्लेट खाली केली. "प्लेटवर वेळ लिहिलेली नसते, बाई. थोडा पडताना सरकला असेल, थोडा नंतर. किती केव्हा, ते मी सांगू शकत नाही, आणि खोटं सांगणार नाही. आता बाराला मान आणखी वाकली असती तर श्वास बंद पडला असता, तेवढं सांगतो."

तिला ह्यातलं पहिलं ऐकू आलं, दुसरं फारसं आलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी तिला त्याच्या चेहऱ्याशी उभं केलं. "तुम्ही बघा, तुम्हाला जास्त कळतं," म्हणाले, आणि स्वतः पायाशी जाऊन टाचणी उजव्या अंगठ्यात रुतवली. काही नाही. डावा अंगठा. बराच वेळ काही नाही. मग त्याच्या डाव्या डोळ्याखालची कातडी आकसली, तोंड वाकडं झालं आणि हळूहळू रडू आलं.

"आलं," ती म्हणाली. "आवाज आला."

"किती?"

"लांबून. पण आला."

मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा टोचलं, तिने पुन्हा हो म्हटलं. तीन वेळा झालं तेव्हा त्यांनी टाचणी खिशात टाकली. दोरी पूर्ण तुटलेली नाही, म्हणाले. पुढचं पुढे बघू.

पकड लावायची तयारी होईपर्यंत वीस मिनिटं मिळाली. वाळूच्या पिशव्यांमधे त्याचं डोकं घट्ट बसवलेलं, नजर सरळ छताला. बाजूला उभं राहिलं तर तिला तो बघू शकत नव्हता, म्हणून ती त्याच्यावर ओणवी झाली.

"अहो," ती म्हणाली. "ऐकताय ना?"

पापणी हलली.

तिने त्यालाही सगळं सांगितलं. वेळेसकट. डॉक्टरबाईंना सांगताना फुटला नव्हता तो आवाज इथे फुटला. "तुम्ही मला सांगितलंत. शॉक बसला म्हणालात. मला कळलं होतं, अक्षर न् अक्षर. आणि मी हसले. तुम्ही हसताय म्हणून मला वाटलं थट्टा आहे. मी आणखी दोन चमचे दिले."

तो हसायला लागला. मग त्या हसण्याचंच रडणं झालं, नेहमीसारखं, मधली सीमा न कळता. आठ महिने तिने ह्या हसण्याला आणि ह्या रडण्याला घंटा म्हणून बाजूला ठेवलं होतं. आज ती त्यात काहीतरी शोधत होती, राग, माफी, काहीही, आणि त्यात काही नव्हतं. तिने डोळे पुसले आणि थांबली. हसू थांबेपर्यंत ओणवी राहिली. पाठ दुखायला लागली तरी राहिली.

"मी पण," तो म्हणाला. श्वास. "हसलो ना." श्वास. "आधी मीच."

"तुमच्या हातात नव्हतं ते."

"तुला काय," श्वास, "कळणार मग."

तिने त्याच्या ओठांवरची लाळ पुसली.

"पण शॉक," तो म्हणाला. "खरा होता."

"हो. आता कळलं."

"पुढच्या वेळी," आणि इथे त्याचा दम संपला. तिने वाक्य पुरं केलं नाही. आठ महिने ती त्याची वाक्यं पुरी करत आली होती, वेळ वाचावा म्हणून. ती थांबली. पोट दोनदा वर आलं, खाली गेलं.

"ऐकून घे. मग." श्वास. "हस किंवा रड."

"बरं," ती म्हणाली.

दाराशी वन्सं येऊन उभ्या होत्या, किती वेळ ते कळलं नाही. त्या आत आल्या, पलीकडच्या बाजूने ओणव्या झाल्या, आणि भावाच्या डोळ्यांपुढे आपला चेहरा धरला. सहा वर्षांनी मोठ्या, पाठीचा त्रास त्यांनाही. "धाकट्या," म्हणाल्या. मग भावजयीला म्हणाल्या, "काय म्हणाला तो आत्ता?"

"तुम्हीच विचारा वन्सं. सांगतील ते."

तेवढ्यात दुसऱ्या एक सिस्टर ट्रे घेऊन आल्या. नाकातून पोटात नळी घालायची होती, आता खाणं-पिणं सगळं तिच्यातून. तिला त्यांनी जरा मागे व्हायला सांगितलं. ती मागे झाली. आठ महिन्यांत प्रथमच त्याच्या पोटात जे जायचं ते दुसऱ्याच्या हाताने जाणार होतं. तिचे हात रिकामे लोंबत राहिले, ते कुठे ठेवावेत हे तिला समजेना. नळी नाकपुडीतून आत सरकली तसा तो मोठ्याने रडू लागला. नव्या होत्या सिस्टर, त्यांचा हात थबकला.

"दुखतंय का त्यांना?" त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं. "की नेहमीचंच आहे?"

तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं. नेहमीचंच आहे हो, तुम्ही चालू द्या. आठ महिने हेच उत्तर दिलं होतं तिने, शेजाऱ्यांना, मुलाला, सगळ्यांना.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "थोडं थांबा. रडणं संपू दे. मग त्यांनाच विचारा, आणि घाई करू नका. एका दमात त्यांना तीनच शब्द येतात."